कासवाची थाळी, मैंदर्गीच्या बांधावरून

काकडी, टोमॅटो आणि पालक म्हणजे कासवाचं जेवण नव्हे. त्याचं खरं जेवण शेतकरी खुरप्यानं उपटून बांधावर फेकून देतो! कोणतं तण चालतं, कोणतं घात करतं आणि मुळात कासव घरात ठेवणं कायद्यात बसतं का?

कुत्रा पाळायचा म्हटलं तर सोसायटीच्या सेक्रेटरीच्या भुवया उंचावतात. मांजर पाळायची तर नव्या सोफ्याची वाट लागते. मग दिवसाचे दहा-बारा तास ऑफिसात घालवणाऱ्या मंडळींना एक हटके आयडिया सुचते... कासव! भुंकत नाही, केस गळत नाहीत, सकाळी सहाला फिरायला न्यावं लागत नाही. शिवाय 'वास्तूला चांगलं असतं हो' हे शेजारच्या काकूंचं सर्टिफिकेट. खायला काय द्यायचं? फ्रिज उघडायचा आणि उरलेली काकडी, टोमॅटोची फोड, पालकाची दोन पानं टाकायची. काम फत्ते!

नेमकी इथेच गडबड आहे. काकडी म्हणजे बहुतांश पाणी. पालकात ऑक्झलेट भरपूर, ते कॅल्शियमला घट्ट धरून ठेवतं आणि शरीरात शोषू देत नाही. टोमॅटो आणि गोड फळांतल्या साखरेनं जमिनीवरच्या कासवाचं पोट बिघडतं, कारण त्याच्या आतड्यात चोथा आंबवणाऱ्या सूक्ष्मजीवांचं एक मोठं कारखानदारीचं गाव वसलेलं असतं. त्या गावाला हवा असतो चोथा, आणि आपण पाठवतो मिठाई!

कवच हे कासवाचं 'घर' असतं, हे आपण शाळेत शिकलो. प्रत्यक्षात ते त्याचं हाडच आहे. फासळ्या आणि पाठीचा कणा कवचात जोडलेले असतात. त्यामुळे कॅल्शियम कमी पडलं की आधी कवचच बोलायला लागतं. ते मऊ पडतं, वेडंवाकडं वाढतं, पाय वाकतात. हे एका रात्रीत होत नाही. महिनोन् महिने चालतं आणि कासव बिचारं तक्रार करत नाही. 'लो मेन्टेनन्स' म्हणतात ते हेच का?

डॅन्डेलायन शोधताय? पाथरी घ्या!

कासवाच्या आहारावरची परदेशी पुस्तकं उघडलीत तर पहिल्या पानावर एकच नाव भेटतं, डॅन्डेलायन. मग पुण्या-मुंबईतला उत्साही पालक नर्सऱ्या पालथ्या घालतो, डॅन्डेलायन काही सापडत नाही आणि गाडी पुन्हा काकडीवर येते.

अशा वेळी नकाशात थोडं खाली, सोलापूर जिल्ह्यात या. अक्कलकोटहून दुधनीच्या रस्त्याला लागलं की मैंदर्गी लागतं. नगरपरिषदेचं गाव, कर्नाटकची हद्द जवळच, बोलण्यात मराठी आणि कन्नडची मस्त सरमिसळ. पर्जन्यछायेचा कोरडा पट्टा, शिवारात रब्बीची ज्वारी, तूर, हरभरा. पावसाचे चार शिंतोडे पडले की इथले बांध आणि पडीक तुकडे हिरवे होतात. त्यात पेरलेलं काहीच नसतं, सगळं आपोआप उगवलेलं. खुरपणी करणाऱ्या बायकांच्या लेखी हे सगळं तण. कासवाच्या लेखी मात्र अनलिमिटेड थाळी!

थाळीतला पहिला मान पाथरीचा. जमिनीला चिकटून पसरणारी, दातेरी पानांची, पिवळ्या फुलांची ही भाजी डॅन्डेलायनच्याच कुळातली. मराठी घरांत ती भाकरीबरोबर कच्ची खाल्ली जाते, कन्नड घरांत तिला हक्करकी म्हणतात आणि तिथेही ती ज्वारीच्या भाकरीचीच जोडीदार. म्हणजे परदेशी यादीतला नंबर एक आपल्याकडे चक्क पायाखाली आहे. फक्त त्याचं नाव आपण विसरलोय.

आणि सगळा खेळ नावाचाच आहे. कासवाला काय चालतं हे ठरवायला 'हिरवं आहे, नैसर्गिक आहे' एवढं पुरत नाही. झाड ओळखता यायला हवं. ते कसं, हे पुढे बघूच. पण त्याआधी एक महत्त्वाचा प्रश्न.

तुमच्याकडे नक्की कोणतं कासव आहे?

मराठीत आपण सगळ्यांना 'कासव' म्हणून मोकळे होतो. पाण्यात राहणारं वेगळं आणि जमिनीवर चालणारं वेगळं, आणि दोघांचं जेवणही वेगळं.

शहरातल्या फिश टँकमध्ये, डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं जे हिरवं पिल्लू दिसतं ते रेड-इअर्ड स्लायडर. हे अमेरिकेचं, पाण्यातलं कासव. पिल्लू असताना ते मुख्यतः मांसाहारी असतं, मोठं झाल्यावर पाणवनस्पती जास्त खातं. बांधावरची थाळी याच्यासाठी नाही. आणखी एक, ते नकोसं झालं म्हणून तलावात सोडून देऊ नका. जगातल्या सर्वांत त्रासदायक १०० आक्रमक प्रजातींच्या यादीत त्याचं नाव आहे. ते देशी कासवांची जागा आणि अन्न दोन्ही बळकावतं.

दुसरं म्हणजे पाठीवर पिवळ्या चांदण्यांची नक्षी असलेलं स्टार कासव. हे अस्सल आपलं. गुजरात-राजस्थानचा कोरडा भाग, आंध्र, तामिळनाडू, कर्नाटकचा काही भाग आणि श्रीलंका हे त्याचं घर. माळरान, काटेरी झुडपं, शेताचे बांध ही त्याची आवडती ठिकाणं. पाऊस पडला की ते बाहेर पडून चरतं, कडक उन्हात झुडपाखाली गप्प बसतं.

आता नीट वाचा. स्टार कासव घरात ठेवणं हा गुन्हा आहे. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्यात ते आधी चौथ्या अनुसूचीत होतं. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि ते थेट पहिल्या अनुसूचीत गेलं, म्हणजे वाघाच्या पंक्तीत. शिक्षा ३ ते ७ वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड. आंतरराष्ट्रीय पातळीवरही २०१९ मध्ये त्याला 'साइट्स' कराराच्या पहिल्या परिशिष्टात घालून व्यापार बंद करण्यात आला. 'मित्राने गिफ्ट दिलं', 'मी तर विकत घेतलं नाही' ही कारणं इथे चालत नाहीत.

एवढी कडक भूमिका का? २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, भारतातल्या एकाच व्यापार केंद्रातून वर्षाला किमान ५५ हजार स्टार कासवं पकडली जात असल्याचं समोर आलं होतं. एकाच केंद्रातून! पिशव्यांत, सुटकेसमध्ये, टेपने गुंडाळून ती विमानतळांवर पोचतात. तुमच्या टीपॉयवर पोचलेलं एक कासव म्हणजे वाटेत मेलेल्या कितीतरी कासवांचं उरलेलं भावंडं.

तिसरा गट म्हणजे परदेशी जमिनीवरची कासवं, उदाहरणार्थ आफ्रिकेतलं सुल्काटा. फेब्रुवारी २०२४ च्या केंद्रीय नियमांनुसार, साइट्सच्या यादीतल्या परदेशी प्रजाती बाळगणाऱ्यांनी 'परिवेश' पोर्टलवर नोंदणी करणं सक्तीचं आहे. दुकानदार सांगेल, 'बशीएवढंच राहतं हो!' नाही राहत. पूर्ण वाढलेलं सुल्काटा ४० किलोच्या पुढे जातं आणि अनेक दशकं जगतं. तुमच्या होम लोनपेक्षा हे नातं लांबणार आहे, एवढं लक्षात असू द्या.

मग पुढची यादी कोणासाठी? नोंदणी केलेलं सुल्काटा ज्यांच्याकडे आहे त्यांच्यासाठी. दुबई, लंडन, न्यू जर्सीत तिथल्या नियमांनुसार कासव पाळणाऱ्या मराठी घरांसाठी. बचाव केंद्रात वीकेण्डला हात लावायला जाणाऱ्या स्वयंसेवकांसाठी. आणि ज्यांना रस्त्यात एखादं कासव सापडलंय, वनखात्याची गाडी यायला वेळ आहे, अशा कुणासाठीही. स्टार आणि सुल्काटा दोन्ही कोरड्या माळाची, त्यामुळे मेन्यू जवळपास सारखाच. मात्र दक्षिण अमेरिकेतल्या जंगलातलं रेड-फूटेड कासव फळंही बरीच खातं. त्याला हा हिशेब जसाच्या तसा लावू नका.

मेन कोर्स : रोज चालेल

हरळी : गणपतीला वाहतो त्या दूर्वांचंच हे गवत. बांधावर शेतकऱ्याला वात आणणारं, कारण कितीही उपटा, पुन्हा येतं. कासवाला हवा असलेला चोथा यातून मिळतो. स्टार आणि सुल्काटाच्या ताटाचा मोठा हिस्सा गवताचाच असायला हवा.

पाथरी : पानं, फुलं, सगळंच.

जास्वंद : ही बांधावर नाही, पण बाल्कनीत हमखास असते. फूल आणि पान दोन्ही चालतात. कासवं लाल फुलावर तुटून पडतात. आजारी कासवाला खाण्याची गोडी लावायला याच्यासारखं दुसरं काही नाही.

फड्या निवडुंग : चपट्या हिरव्या फड्यांचा, लाल बोंडांचा. कॅल्शियम भरपूर, चोथा भरपूर, पाणीही भरपूर. मोठे काटे काढायचे आणि बारीक कुसळं गॅसच्या ज्योतीवर भाजून घ्यायची, वांगं भाजतो तशी. मग काप करून द्यायचे.

तुतीची पानं : घराजवळ झाड असेल तर लॉटरीच लागली.

साइड डिश : थोडं, अधूनमधून

घोळ, माठ, तांदुळजा, काटेमाठ : या आपल्या लाडक्या पालेभाज्या. पण ऑक्झलेट जास्त. आठवड्यातून एखाददा मूठभर, तेही इतर पाल्यात मिसळून. रोज नको.

केना : पावसाळ्यात निळी फुलं येणारं लुसलुशीत तण. मिसळीत चालतं.

शेवग्याचा पाला : कॅल्शियम चांगलं. चिमूटभर मिसळा.

लसूणघास : गोठ्यात गुरांना घालतात तो. कॅल्शियम आहे, पण प्रथिनंही जास्त. म्हणून चवीपुरता.

कोबी, फ्लॉवरची पानं : क्वचित. रोज दिल्यास थायरॉइडचा त्रास होऊ शकतो.

फळं : सणावारी. तेही एक फोड.

पोळी, भात, ब्रेड, दूध, कुत्र्या-मांजराचं खाणं : कधीच नाही. 'आमचं कासव तर वरणभात खातं' हे कौतुकाने सांगण्यासारखं नाही!

नो एंट्री : त्याच बांधावरची विषं

ज्या बांधावर पाथरी उगवते, त्याच बांधावर तिच्या शेजारी रुई उभी असते. दोन्हींचं पान तोडलं की पांढरा चीक येतो. पाथरीचा चीक निरुपद्रवी, रुईचा हृदयावर परिणाम करणारा. म्हणजे 'चीक आला की विषारी' हा सोपा फॉर्म्युला पहिल्याच चेंडूवर क्लीन बोल्ड! म्हणूनच मघाशी म्हटलं, झाड नावानिशी ओळखा.

निवडुंगाचंही तेच. मराठीत आपण फड्यालाही निवडुंग म्हणतो आणि कुंपणाच्या त्रिधारीलाही. फड्या तोडल्यावर पाण्यासारखा बुळबुळीत रस येतो. त्रिधारी किंवा शेर तोडला की दुधासारखा चीक उडतो. तो कातडीला आणि डोळ्यांना भाजतो. फड्या द्या, त्रिधारी आणि शेर अजिबात नको.

गाजरगवत ऊर्फ काँग्रेस गवत : १९५० च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नोंदलं गेलं आणि नंतर देशभर पसरलं. माणसाच्या कातडीलाही त्याची ॲलर्जी येते. कोवळं असताना ते कोथिंबिरीसारखं निरागस दिसतं, म्हणून जास्त धोका.

धोतरा, एरंड, घाणेरी, कण्हेर : यांची ओळख बहुतेकांना असते. चारही विषारी. घाणेरीला काही ठिकाणी टणटणी म्हणतात.

बेशरम : ओढ्या-कालव्याच्या कडेला जांभळट-गुलाबी फुलं मिरवणारं. शेळ्यांनाही याची विषबाधा होते.

तरवड, टाकळा : रेचक. पोट बिघडवतात.

आंबुशी : तिपानी, आंबट. आंबटपणा ऑक्झलेटचाच. टाळा.

कोवळी ज्वारी : हे सोलापूरकरांना सांगायला नको. ज्वारीचे कोवळे पोंगे खाऊन जनावरं दगावतात, कारण त्यातून सायनाइड तयार होतं. 'ज्वारी तर आपलं अन्न' म्हणून हिरवी ताटं टाकू नका.

सोनकी : पावसाळी ट्रेकवर पठारं पिवळी करणारं फूल. फोटो काढा, पिशवीत भरू नका. ही ज्या सेनेसिओ गटातली आहे, त्यातल्या अनेक झाडांत यकृत खराब करणारी द्रव्यं असतात.

आणि हो, तुमची बाल्कनी!

खरा धोका फ्लॅटमध्येच जास्त. मनीप्लांट, डिफेनबेकिया ही ऑफिसच्या डेस्कवरची फेव्हरेट मंडळी. त्यांच्या पानांत सुईसारखे स्फटिक असतात, तोंड आणि घसा सुजतो. सदाफुली दिसायला गोड, पण विषारी. कासवाला मोकळं सोडण्याआधी गुडघ्याखालच्या सगळ्या कुंड्या एकदा तपासा.

तोडणी-वाहतूक

मैंदर्गी असो की मगरपट्टा, पहिला प्रश्न एकच. इथे तणनाशक मारलंय का? फवारलेलं तण दोन दिवस हिरवंगारच दिसतं. शेतकऱ्याला विचारल्याशिवाय बांधावरचं पान तोडू नका. शहरात रस्त्याकडेचं, कुत्री फिरवतात तिथलं आणि पालिकेने फवारणी केलेल्या बागेतलं टाळा. देवाच्या हारातली फुलं आणि नर्सरीतून कालच आणलेली जास्वंद यांवरही कीटकनाशक असू शकतं. नवं रोप काही आठवडे वाढू द्या, नवी पालवी येऊ द्या, मग वापरा.

सगळ्यात सोपं काय? दोन पसरट कुंड्या घ्या. एकीत हरळी, दुसरीत पाथरी. कोपऱ्यात जास्वंद आणि मातीत खोचलेली निवडुंगाची एक फडी. पाणी घालायला विसरलात तरी ही मंडळी रागावत नाहीत. सोलापूरच्या उन्हात टिकतात, तुमच्या बाल्कनीचं काय घेऊन बसलात!

कॅल्शियमसाठी समुद्रफेस द्या, काष्ठौषधींच्या दुकानात किंवा पेट शॉपमध्ये मिळतो. ताटात कॅल्शियम फॉस्फरसच्या किमान दुप्पट असावं, हा ढोबळ नियम. पण नुसतं खाऊन भागत नाही. कॅल्शियम अंगी लागायला ऊन हवं, आणि खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन उपयोगाचं नाही, कारण हवे असलेले यूव्ही-बी किरण काच अडवते. उथळ परातीत पाणी आणि शेजारी सावलीची जागा हवीच. हाताळल्यावर साबणाने हात धुवा. कासवांच्या अंगावर साल्मोनेला जिवाणू असू शकतात. त्यापायीच अमेरिकेने १९७५ मध्ये चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली.

काहीतरी चुकीचं खाल्लं असेल तर घरगुती उपाय करत बसू नका. त्या झाडाची फांदी पिशवीत घाला आणि सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या व्हेटकडे जा. झाड समोर असलं की डॉक्टरचं अर्धं काम होतं.

स्टार कासव घरात आहे... आता?

वनखात्याच्या १९२६ या 'हॅलो फॉरेस्ट' हेल्पलाइनला फोन करा किंवा जवळच्या वनकार्यालयात कळवा. ते येईपर्यंत सावलीतलं खोकं, उथळ पाणी, थोडी हरळी आणि एक जास्वंदाचं फूल, एवढं पुरे. परस्पर माळावर नेऊन सोडणं हे पुण्य नाही. ते मुळात कुठल्या भागातलं, कोणता आजार घेऊन आलंय, हे तुम्हाला माहीत नसतं. तुम्ही सोडलेलं एक कासव तिथल्या सगळ्यांना आजारी पाडू शकतं.

वास्तूसाठी कासव हवंच असेल तर आपल्या देवळांनी कधीच सोय करून ठेवली आहे. गाभाऱ्यासमोरच्या फरशीत दगडी कासव बसवलेलं असतं. पितळेचं घरी आणा. त्याला चारा लागत नाही.

जिवंत कासवाला मात्र लागतो. त्याला रोज पाच-सहा प्रकारचा पाला, वरून ऊन, खाली माती आणि चालायला लांबलचक जागा लागते. मैंदर्गीच्या बांधावर हे सगळं फुकट आहे. आपल्या वन बीएचकेमध्ये यातलं काय देता येईल, हा हिशेब कासव आणण्याआधी करा. नंतर फ्रिज उघडून काही उपयोग नाही.

कापून फ्रिजवर लावा

रोज : हरळी, पाथरी, जास्वंद, फड्या निवडुंग, तुतीची पानं.
कधीतरी : घोळ, माठ, तांदुळजा, केना, शेवग्याचा पाला, लसूणघास.
कधीच नाही : रुई, धोतरा, एरंड, घाणेरी, कण्हेर, गाजरगवत, बेशरम, सोनकी, त्रिधारी निवडुंग, शेर, कोवळी ज्वारी, सदाफुली, मनीप्लांट, डिफेनबेकिया.
ओळखता येत नाही : तर देऊच नका!